विजेचं ‘म्हणून’ आणि कुंभाराचं गाढव

आजच्या व्याख्यानाला ‘समीक्षा’ असं नाव दिलंय आणि समोर पुस्तक एकही नाही, म्हणून काही जणांनी मघाशी विचारलं की सर, समीक्षा कशाची? तर एका उत्तराची. सात वाक्यांचं उत्तर आहे, शाळेत जाणाऱ्या एका मुलीनं लिहिलेलं. ती आमच्या नात्यातली. सुट्टीत घरी आली तेव्हा वही दाखवली. प्रश्न असा होता : वीज आणि गडगडाट कसे होतात, ते जोडशब्द वापरून सांगा. खाली एक चौकट, चौकटीत सात शब्द : प्रथम, नंतर, मग, कारण, म्हणून, त्यामुळे, शेवटी. इंग्रजीच्या तासाला ‘लिंकिंग वर्ड्स’ म्हणून जो प्रकार चालतो, तो आता मराठीतही आलाय. येऊ दे, माझी ना नाही.

पोरीचं उत्तर वाचतो. “प्रथम आकाशात काळे ढग जमतात. नंतर वारा सुटतो. मग ढग एकमेकांवर आपटतात. त्यामुळे वीज निर्माण होते. प्रकाश आवाजापेक्षा वेगवान असतो, म्हणून वीज आधी होते. नंतर गडगडाट होतो, कारण ढग मोठे असतात. शेवटी वीज उंच झाडावर किंवा माणसावर पडते.”

सातपैकी सात गुण. सातही शब्द वापरलेत ना! व्याकरणाची एकही चूक नाही, अक्षर सुंदर. आणि उत्तरातली जवळजवळ प्रत्येक जोडणी चुकलेली. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण चुकीच्या जोडण्यांचा इतका नेटका नमुना मला क्वचित मिळाला. दोष पोरीचा नाही. जोडशब्द म्हणजे दोन वाक्यांच्या फटीत भरायचा चुना, अशी ज्यानं समजूत करून दिली, त्या प्रश्नाचा आहे.

आधी थोडं व्याकरण, लवकर उरकतो. प्रथम, नंतर, मग ही क्रियाविशेषणं. ‘म्हणून’, ‘कारण’ ही उभयान्वयी अव्ययं. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. ते असते तर ही सगळी मंडळी एका चौकटीत कोंबली म्हणून चिडले असते. माझा मुद्दा पुढचा आहे. ‘मग’ म्हणणारा माणूस एवढंच सांगतो की हे आधी झालं, ते नंतर झालं. तो साक्षीदार. ‘त्यामुळे’ म्हणणारा सांगतो की ह्यानं ते घडवलं. तो आरोप करतो. साक्ष आणि आरोप यात फरक आहे की नाही? कोर्टात जाऊन बघा. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमनं युरोपला हाच प्रश्न विचारला, की तुम्हाला एकामागून एक घडलेलं दिसतं, पण ‘मुळे’ कुठं दिसतं? त्याचं उत्तर मला पूर्ण पटत नाही, पण प्रश्नाला तोड नाही.

आता तिसरं-चौथं वाक्य घ्या. ढग एकमेकांवर आपटतात, त्यामुळे वीज होते. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी हेच ऐकलेलं असणार. मीही ऐकलंय. ही समजूत आपल्या गावाकडची नाही हो, फार जुनी आहे. ॲरिस्टोफेनिसच्या ‘ढग’ या नाटकात, इसवी सनापूर्वी ४२३ साली, रंगमंचावरचा सॉक्रेटिस हेच सांगतो की पाण्यानं जड झालेले ढग एकमेकांवर आदळतात आणि गडगडाट होतो. लोक हसले असतील, पण समजूत टिकली. रोमचा ल्युक्रिशियसही ढगांची टक्करच धरून बसला. अडीच हजार वर्षं टिकलेल्या ‘त्यामुळे’ला सात गुण मिळाले तर नवल नाही.

पण ढग म्हणजे काय, तर हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण. दोन धुकी एकमेकांवर आपटली तर आवाज येतो का? तरीही उत्तरात सत्याचा एक कण आहे. आपटणं होतं, पण ते ढगाच्या आत. वळवाच्या दिवसात आपल्याकडे जमीन कशी तापते, तुम्हाला सांगायला नको. तापलेली दमट हवा वर चढते, उंचावर थंड होते आणि ढग उभा वाढत जातो. आपल्याकडचे हे ढग दहा-बारा किलोमीटर उंचीच्याही वर जातात. इतक्या वर शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असतं, बर्फाचे बारीक स्फटिक असतात आणि गारेचे मऊ, जड कण असतात. वर चढणाऱ्या हवेत हे स्फटिक त्या गारकणांवर आदळतात. आदळताना विद्युतभार इकडचा तिकडे होतो. हलके स्फटिक बहुधा धन भार घेऊन वर जातात, जड गारकण ऋण भार घेऊन मध्ये आणि खाली राहतात. म्हणजे ढगाचेच दोन तट पडतात. त्यामुळे ढगाच्या दोन भागांत, तसंच ढग आणि जमीन यांच्यात, विजेचा ताण वाढत जातो.

हे ‘त्यामुळे’ खरं ‘त्यामुळे’ आहे. कारण मधली पायरी दाखवता येते : आदळणं, भार बदलणं, भार वेगळे होणं, ताण. ज्या ‘त्यामुळे’च्या पोटात पायऱ्या नाहीत, त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

इथं एक कबुली द्यायला हवी. ताण वाढला आणि हवा फुटली, असं आपण सहज म्हणतो. ढगांमध्ये फुगे, विमानं पाठवून जो ताण मोजला गेला, तो हवा फुटायला लागणाऱ्या ताणापेक्षा बराच कमी भरतो, साधारण दहावा हिस्सा. मग ठिणगीची सुरुवात नेमकी कशी होते? यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. बर्फकणांच्या टोकांशी ताण एकवटतो म्हणणारे आहेत, अवकाशातून येणाऱ्या किरणांचा हात आहे म्हणणारे आहेत. मला त्यांचा आदर वाटतो तो यासाठी, की त्या ठिकाणी ते ‘म्हणून’ लिहीत नाहीत. ‘बहुधा’ लिहितात. आमच्या चौकटीत ‘बहुधा’ नव्हता.

आता पाचवं वाक्य. माझ्या मते उत्तरातलं सगळ्यात मौल्यवान वाक्य हेच. “प्रकाश आवाजापेक्षा वेगवान असतो, म्हणून वीज आधी होते.” काय चुकलं? प्रकाश वेगवान, हे खरं. आधी वीज, मग गडगडाट, हेही खरं. दोन्ही वाक्यं खरी आणि ‘म्हणून’ खोटं! प्रकाश वेगवान आहे म्हणून वीज आधी *दिसते*. ती आधी *होते*, त्याचं कारण वेगळं आहे. विजेचा प्रवाह ज्या वाटेनं जातो, तिथली हवा क्षणार्धात तीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या साधारण पाचपट. तापलेली हवा स्फोटासारखी फैलावते आणि तो धक्का म्हणजे गडगडाट. प्रकाश कासवाच्या गतीनं चालला असता तरी वीज आधी आणि गडगडाट नंतरच झाला असता, फक्त आपल्याला उलटं कळलं असतं.

ॲरिस्टॉटलची गंमत सांगतो. त्यानं लिहिलंय की गडगडाट आधी होतो आणि वीज नंतर. दिसते आधी, कारण दृष्टी श्रवणापेक्षा चपळ. पुरावा म्हणून तो नावेची वल्ही दाखवतो : दुरून बघा, वल्ह्याचा आवाज येतो तोवर वल्हं परत मागं गेलेलं असतं. किती सुरेख निरीक्षण! निष्कर्ष साफ चूक, पण त्यानं एक गोष्ट पक्की ओळखली होती की दिसण्याच्या क्रमावरून होण्याचा क्रम काढता येत नाही. आमच्या पोरीचा निष्कर्ष बरोबर आणि तर्क चूक. ॲरिस्टॉटलचा निष्कर्ष चूक, पण क्रमाबद्दलची शंका रास्त. परीक्षक असतो तर मी ॲरिस्टॉटलला जास्त गुण दिले असते. (हशा)

तेरला येऊन हे सांगताना मला गोरोबाकाकांची आठवण होणारच. संतमंडळी जमली आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, ही गोष्ट तुम्हीच मला सांगाल. नामदेव रुसले वगैरे. मला त्यातली कुंभाराची नजर हवी आहे. बाजारात बाई मडकं वाजवून घेते. खण्ण वाजलं, म्हणून पक्कं. पण मडकं खण्ण वाजलं म्हणून पक्कं झालं का? पक्कं झालं आव्यात, जाळानं. पक्कं आहे म्हणून वाजतं. दोन्हीकडे शब्द एकच, ‘म्हणून’. आपल्या शास्त्रकारांनी यासाठी दोन नावं ठेवलीत. जो घडवतो तो कारक हेतू, जो कळवतो तो ज्ञापक हेतू. जाळ कारक, आवाज ज्ञापक. मराठीतलं ‘म्हणून’ दोन्ही कामं करतं आणि कोणतं करतंय ते सांगत नाही. ‘म्हणणे’ धातूपासूनच आलाय ना हा शब्द. असं म्हणून, असं बोलून. मुळात बोलण्याचा शब्द, तो घडण्याचा कधी झाला कळलंच नाही.

गडगडाट हा ज्ञापक म्हणून फार कामाचा. लखाख झालं की सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. नऊ सेकंद लागले, तर वीज तीन किलोमीटरवर. आणि तो गडगडाट लांबत का जातो? पोरीनं लिहिलं, ढग मोठे म्हणून. विजेची वाट काही किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते. जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा नंतर. सगळं एका क्षणात झालेलं आपल्याला दहा-पंधरा सेकंद ऐकू येत राहतं. घडणं एकदम, कळणं हप्त्याहप्त्यानं.

आता शेवटचं वाक्य. “वीज माणसावर पडते.” इथं मला जोडशब्द सोडून एका प्रत्ययाबद्दल बोलायचंय. वर्तमानपत्रात मथळा असतो : ‘वीज पडून शेतकऱ्याचा मृत्यू’. ‘पडून’मधला हा ‘ऊन’ फार लबाड आहे. ‘बाजारात जाऊन आलो’, यात नुसता क्रम. ‘विहिरीत पडून मेला’, यात कारण. ‘डोळे मिटून बसला’, यात रीत. ‘एवढं शिकून गाढवच राहिला’, यात तर विरोध. एक ‘ऊन’, चार अर्थ. आपण वाचताना आपल्या मनातला अर्थ भरतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं येतं ते असं की आभाळातून काहीतरी नेमकं त्या माणसाच्या डोक्यावर आलं. म्हणजे नियती, नेम धरून मारणारी.

घडतं ते वेगळं. ढगाकडून भाराची एक अंधूक वाट टप्प्याटप्प्यानं खाली उतरते, एकेक टप्पा साधारण पन्नास मीटरचा. जमिनीजवळ आली की खालून, झाडाच्या शेंड्यावरून, खांबावरून, उघड्या रानात उभ्या माणसाच्या डोक्यावरूनसुद्धा, एक वाट वर झेपावते. दोन्ही जुळल्या की प्रवाह सुरू होतो, आणि जो लखलखाट आपण बघतो तो जमिनीकडून ढगाकडे धावतो. थेट डोक्यावर वीज घेऊन मरणारे थोडेच. झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूच्या माणसाकडे उडी घेते, किंवा जमिनीतून पसरते आणि एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून निघते. गुरं जास्त का मरतात? पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून दोन्हीकडच्या दाबातला फरक जास्त, आणि मध्ये काळीज.

हे मी एवढ्या तपशिलानं का सांगतोय? माझ्या लहानपणी आमच्या आत्याचे यजमान असेच गेले. लग्नाला चार महिने झाले होते. वळीव आला, ते दोन बैलांना घेऊन चिंचेखाली थांबले. तिघंही गेले. गावात आधी बोललं गेलं की ते पायाळू होते, म्हणून वीज पडली. पायाळू माणसावर वीज येते, ही समजूत तुमच्याकडेही आहे. मग कुणीतरी बोललं की सून घरात आली, मग हे झालं. आठवड्याभरात त्या ‘मग’चं ‘म्हणून’ झालं. पायगुण. आत्या पुढं चाळीस वर्षं जगली, त्या एका ‘म्हणून’खाली. तिला कुणी हाकललं नाही, मारलं नाही. फक्त कुणाच्या लग्नात हळदीला बोलावलं नाही.

नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना एक अट घातली आहे. कार्याच्या आधी नेमानं असायला हवं, एवढं पुरत नाही. ते अन्यथासिद्ध नसावं, म्हणजे त्याच्यावाचून काम भागत असेल तर ते कारण नव्हे. आणि उदाहरण कुणाचं दिलंय? कुंभाराचं! घट होण्याआधी माती असते, चाक असतं, दंड असतो, कुंभार असतो. पण दंडाचा रंगही असतो, कुंभाराचा बापही असतो, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. ही मंडळी घटाच्या आधी हजर असतात, पण कारण नव्हेत. गाढवावाचूनही माती येते. विश्वनाथ न्यायपंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त ही यादी आहे, सतराव्या शतकातली. मला वाटतं आपल्या परंपरेनं जगाला दिलेल्या उत्तम प्राण्यांपैकी हे गाढव एक आहे. पायाळूपण हे गाढव. पायगुण हे गाढव. खिशातला मोबाईल हेही नवं गाढव. मोबाईल वीज ओढून घेत नाही, पण अपघातानंतर जळका मोबाईल सापडला की बातमीत तो कारण होऊन बसतो.

आमची आत्या शाळेत गेली नव्हती. म्हातारपणी एकदा मला म्हणाली, “आरं, बैलबी पायाळू हुते का?” न्यायशास्त्रात याला व्यभिचार दाखवणं म्हणतात. मी पीएच.डी. करून जे शिकलो, ते तिनं एका वाक्यात केलं. पण चाळीस वर्षं उशिरा, आणि फक्त माझ्यापाशी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात विजेनं २,८८७ माणसं गेल्याची नोंद आहे. बहुतेक रानात काम करणारी. आपल्याकडे एप्रिल-मेचा अवकाळी आणि सोयाबीन काढणीच्या वेळचा परतीचा पाऊस, हे दोन हंगाम वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं ‘दामिनी’ ॲप काढलंय, ते आसपासच्या विजेची सूचना देतं, चांगलं आहे, घ्यावं. पण सूचनांच्या पत्रकांवर माझी समीक्षक म्हणून तक्रार आहे. ‘झाडाखाली थांबू नये. पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नये. जमिनीवर झोपू नये.’ सगळे नकार आणि जोडशब्द एकही नाही. आज्ञा आहे, पण ‘कारण’ नाही. कारण नसलेली आज्ञा माणूस पहिल्या सरीला विसरतो, कारण पाऊस अंगाला लागतो आणि वीज लागत नाही, लागेपर्यंत.

आणि चुकीचं कारण तर त्याहून वाईट. ‘गाडीत बसलेलं बरं, कारण टायर रबराचे असतात.’ गाडीत बसलेलं बरं, हे खरं. टायर रबराचे, हेही खरं. पुन्हा तोच घोटाळा! कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडवणार? बंद गाडीचं धातूचं कवच वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतं, म्हणून आतला माणूस वाचतो. कारण चुकीचं धरलं तर काय होईल? माणूस मोटरसायकलवर बसून राहील. उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहील, टायर तर मोठेच आहेत! चुकीचा ‘कारण’ बरोबर निष्कर्षालासुद्धा जीवघेणा करतो.

पत्रक मला लिहायला दिलं तर मी दोनच जोडशब्दांवर भर देईन. एक ‘की’ : गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात. ‘जर-तर’ नको, जर-तरमध्ये माणूस विचार करत उभा राहतो. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, आणि वीजही ढगापासून तेवढी लांब जाऊ शकते. ऐकू आला, याचा अर्थ आपण टप्प्यात आहोत. दुसरा ‘जरी-तरी’ : जरी पाऊस नसला तरी, जरी डोक्यावर ऊन असलं तरी, जरी पाऊस थांबला तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. जीव वाचवायला मराठीतला सगळ्यात उपयोगी शब्द ‘म्हणून’ नाही, ‘तरी’ आहे. तोही चौकटीत नव्हता.

पोरीनं मग उत्तर पुन्हा लिहिलं. मी सांगितलं नाही, तीच बसली. “तापलेली दमट हवा वर जाते, त्यामुळे उंच ढग तयार होतो. ढगात बर्फाचे कण गारांवर आदळतात आणि भार वेगळे होतात. ताण वाढतो आणि बहुधा बर्फाच्या टोकापाशी वीज सुरू होते. विजेने हवा तापून फैलावते, म्हणून गडगडाट होतो. दोन्ही एकाच जागी होतात, तरी वीज आधी दिसते, कारण प्रकाश वेगवान असतो.” ‘तापून फैलावते’मधला ‘ऊन’ मी तिला पेन्सिलीनं गोल करून दाखवला, म्हणाली, इथं कारण आहे, राहू दे. राहू दिला. शाळेत या उत्तराला तीन गुण मिळाले, कारण प्रथम, नंतर, मग आणि शेवटी हे शब्द आले नव्हते. ती मला विचारत होती, “आजोबा, शेवटी कुठं घालू?” मलाही जागा सापडली नाही.

असो. तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना रानाकडे जायचंय त्यांनी आधी विचारा.